फाइल एकदाच पाठवायची: आमची वाटचाल

२००९ साली सांगलीत विश्रामबागला दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही दोघांनी धंदा सुरू केला, मी आणि माझा आयटीआयचा मित्र. कॉम्प्युटर दुरुस्ती, टोनर भरणं, वर्षाचं मेंटेनन्स, जे मिळेल ते काम करायचो. पहिल्या दोन वर्षांत थोडे व्यापारी, दोन-तीन दवाखाने आणि एक पतसंस्था एवढेच ग्राहक जोडले गेले. त्या पतसंस्थेच्या जिल्हाभर १७ शाखा होत्या. तासगाव, विटा, आटपाडी, शिराळा, कवठेमहांकाळ, थेट जतपर्यंत. शाखेला सहा मशिनं, म्हणजे एकूण १०२. आमची पुढची सगळी वाटचाल या १०२ मशिनांभोवती झाली असं म्हटलं तर चूक ठरणार नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट दर तीन महिन्यांनी यायचं. आम्ही ते पेन ड्राइव्हवर घेऊन मोटारसायकलवर निघायचो. जतला जाऊन यायला अख्खा दिवस लागे. सगळ्या शाखा करायला आठवडा जायचा, आणि त्या आठवड्यात निम्म्या शाखा जुन्या आवृत्तीवर, निम्म्या नव्या. संध्याकाळची जुळवणी लागायची नाही आणि मुख्य कार्यालयातून फोन यायचा. तेव्हा शाखांना ५१२ केबीपीएसची आणि मुख्य कार्यालयाला दोन एमबीपीएसची, म्हणजे २००० केबीपीएसची, इंटरनेट लाइन आली. आम्हाला वाटलं, सुटलो.

कागदावर हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. अपडेट १८० एमबीचं. ५१२ च्या लाइनवर एका मशिनला ४७ मिनिटं लागतात. शाखेतल्या सहाही मशिनांनी ते आपापलं ओढलं तर पावणेपाच तास. आणि १०२ प्रती मुख्य कार्यालयाच्या दोन एमबीपीएसमधून काढायच्या तर वीस तासांच्या वर, तेही लाइनवर दुसरं काहीच चालू नसताना. दिवसा त्याच लाइनवर काउंटर चालतो. शेतकरी ठेवीची पावती घेऊन उभा असतो, पेन्शनचे लोक असतात. आमच्या कामामुळे त्यांना पाच मिनिटंही ताटकळावं लागू नये, हे आम्ही पहिल्या दिवसापासून मानत आलो.

मल्टिकास्ट हा शब्द मी त्याच काळात पहिल्यांदा नीट वाचला. सांगली आकाशवाणी कार्यक्रम एकदाच लावते आणि ज्यानं रेडिओ त्या स्टेशनवर ठेवलाय त्याला तो ऐकू येतो. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, केंद्राचा खर्च तेवढाच. मल्टिकास्टही तसंच. पाठवणारा २२४ ते २३९ ने सुरू होणाऱ्या एखाद्या गट-पत्त्यावर फाइल सोडतो. ज्या मशिनला ती हवी ते ‘मी या गटात आहे’ असं आयजीएमपीच्या, म्हणजे गटात नाव नोंदवायच्या ठरलेल्या नियमांच्या, भाषेत कळवतं. मग रस्त्यात एकच प्रत धावते. खाजगी वापरासाठी २३९ ची रांग राखून ठेवलेली आहे, आम्ही त्यातलाच पत्ता घेतला. वाचून वाटलं, आपल्याला हवं होतं ते हेच.

पहिल्याच प्रयत्नात आम्ही तोंडावर आपटलो. शाखांकडे जाणाऱ्या व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या आमच्या खाजगी जोडणीतून, मल्टिकास्ट तसाच जात नाही, म्हणून प्रत्येक शाखेपर्यंत जीआरई टनेल टाकले, म्हणजे मल्टिकास्टचा डेटा आत गुंडाळून नेणारी वाट. वेग ३०० केबीपीएसला बांधला. एका शाखेवर चाचणी घेतली, उत्तम चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी सतराही शाखांना एकदम सुरू केलं. अकराच्या आत विट्याच्या शाखाधिकारी मॅडमचा फोन आला. ‘अहो दादा, पासबुक छापत नाहीये. बाहेर म्हाताऱ्या बायका उन्हात बसल्यात, काय सांगू त्यांना?’ पाठोपाठ तासगाव, मग मिरज.

चूक आमची होती. शाखेच्या बाजूनं बघितलं तर एकच प्रत येत होती. पण सतरा टनेल सुटत होते मुख्य कार्यालयाच्या एकाच लाइनमधून, आणि तिथला राउटर प्रत्येक टनेलसाठी वेगळी प्रत काढत होता. ३०० गुणिले १७ म्हणजे ५१००, आणि लाइन २००० ची. त्यात डेटा पाठवायच्या दोन पद्धती, टीसीपी आणि यूडीपी, यांपैकी मल्टिकास्ट यूडीपीवर चालतो. टीसीपीला लाइन भरल्याचं कळतं, तो मागं सरतो. यूडीपी स्वतःहून मागं सरत नाही, आणि आम्ही वापरत होतो त्या प्रोग्रॅमला वेग ठरवून दिला होता, त्यामुळे तो त्याच वेगानं ढकलत राहिला. आम्ही बंद केलं, पतसंस्थेत जाऊन व्यवस्थापकांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काँट्रॅक्ट टिकलं. त्यांचा तो विश्वास आजही मला मोठा वाटतो.

त्यानंतर कामाचे दोन तुकडे केले. लांबच्या लाइनवर मल्टिकास्टचा हट्ट सोडला. रात्री अकरानंतर शाखेतल्या एकाच मशिनवर आरसिंक या फाइल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमनं एक प्रत पोचवायची, एका वेळी जास्तीत जास्त चार शाखा अशा पाच तुकड्या करून. पहाटे तीनच्या सुमारास सगळं पोचतं. लोडशेडिंगनं मधेच लाइन गेली तर आरसिंक जिथं थांबला तिथून पुढं चालू करता येतो, हा त्याचा मोठा गुण. सकाळी काउंटर उघडण्याआधी तेच मशीन शाखेच्या आतल्या नेटवर्कवर बाकीच्या पाचांना मल्टिकास्टनं एकदम वाटतं. त्याला मिनिटही लागत नाही. जिथं शेवटपर्यंत मल्टिकास्ट पोचवणारी लाइन आहे तिथं पूर्ण पद्धत जरूर वापरावी. आमच्यासारख्या ठिकाणी अर्धीच वापरणं शहाणपणाचं. अपडेट पाठवायचं सॉफ्टवेअरही फुकटचं: आधी यूडीपीकास्ट, पुढं यूएफटीपी. यूएफटीपीत घेणारी मशिनं फक्त न मिळालेले तुकडे परत मागतात, आणि कुणाला पूर्ण फाइल मिळाली याची नोंद राहते.

याच जोरावर एका कॉलेजच्या लॅबचं काम मिळालं. ६० मशिनं, प्रत्येकावर २० जीबीची इमेज, म्हणजे विंडोजसकट तयार डिस्कची हुबेहूब प्रत. एकेक करत बसलो असतो तर तीस तासांच्या वर गेले असते. क्लोनझिला या इमेज टाकायच्या प्रोग्रॅमच्या मल्टिकास्टनं तासाभरात होणार होतं. कॉलेजनं नवा मॅनेज्ड स्विच, म्हणजे मशिनं एकमेकांना जोडणारा आणि सेटिंग बदलता येणारा डबा, घेतला होता. आम्ही आयजीएमपी स्नूपिंग चालू केलं, म्हणजे ज्या पोर्टवरच्या मशिननं गटात नाव दिलंय त्याच पोर्टला डेटा जावा. आणि मशिनं पटापट गळायला लागली. केबल बदलल्या, नेटवर्क कार्ड बदलली, स्विच बंद करून चालू केला. रात्रीचे साडेअकरा झाले. वॉचमनकाकांनी दोनदा चहा आणून दिला.

शेवटी माझा भागीदार म्हणाला, दोनच मशिनं घेऊ आणि घड्याळ लावू. एक सुरू केलं, बरोबर दोन मिनिटांनी दुसरं. पहिलं ४ मिनिटं २० सेकंदांनी थांबलं. दुसरं त्यानंतर दोन मिनिटांनी. दोघांचंही आयुष्य सारखंच, ४ मिनिटं २० सेकंद, म्हणजे २६० सेकंद. हा आकडा मी आयजीएमपीच्या पुस्तकात पाहिलेला होता. १२५ सेकंदांनी एकदा ‘गटात कोण कोण आहे?’ असं विचारलं जातं. दोनदा विचारून वर दहा सेकंद वाट पाहिली आणि उत्तर आलं नाही, की नाव कापलं जातं. मशिनं उत्तर द्यायला तयार होती, पण त्या नेटवर्कवर विचारणाराच कुणी नव्हता. हे काम एरवी मल्टिकास्ट राउटर करतो आणि तिथं तो नव्हता. स्विचमध्ये क्वेरिअर नावाचा पर्याय असतो, तो चालू केला. पहाटे दोनला साठही पडद्यांवर शंभर टक्के उमटलं. इतक्या वर्षांत अनेक कामं केली, पण ती ओळीनं लागलेली साठ मशिनं अजून डोळ्यांपुढं आहेत. तेव्हापासून नवा स्विच बसवला की आमचा माणूस आधी क्वेरिअर बघतो.

वायफायचं एका ओळीत सांगतो: त्यावर मल्टिकास्ट सगळ्यात कमी वेगानं जातो आणि हरवलेला डेटाचा तुकडा हवेत कुणी परत पाठवत नाही, म्हणून अपडेटच्या वेळी लॅपटॉपलासुद्धा केबल लावायची.

१२ मे २०१७ च्या शुक्रवारी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरायला लागला. त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, पण आमच्याकडची सगळी मशिनं तोवर झाली नव्हती, हे मान्य करतो. शनिवारी विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीसाठीही पॅच आला. तो दुसरा शनिवार होता, शाखा बंद, मशिनं बंद. सकाळपासून एकेका शाखेच्या शिपाईमामांना फोन लावले. ‘मामा, कुलूप उघडा आणि सगळी मशिनं फक्त चालू करून ठेवा.’ मामा लोक सुट्टीच्या दिवशी आले. दुपारपर्यंत प्रती शाखांत पोचल्या, रविवारी संध्याकाळी १०१ मशिनांची नोंद हातात होती. शिराळ्याच्या एका मशिनचा पॉवर सप्लाय गेलेला होता. त्यासाठी सोमवारी पहाटे माणूस पाठवला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. गावभागातलं पतसंस्थेचं मुख्य कार्यालय पाण्यात गेलं. आमचं ऑफिस तोवर पहिल्या मजल्यावर आलेलं होतं, मूळ प्रती तिथं सुरक्षित राहिल्या. पाणी ओसरल्यावर चिखल काढायचं काम एकीकडे चालू असताना आम्ही १४ नवी मशिनं आमच्या टेबलांवर आणि जमिनीवर मांडली आणि एका संध्याकाळी सगळ्यांवर इमेज टाकली. ती मशिनं गाडीत भरताना पतसंस्थेचे लेखापाल साहेब स्वतः हात लावायला आले होते.

आज आम्ही सात जण आहोत. बहुतेक शाखांना फायबर आलंय, विंडोज १० पासून अपडेट आपापसांत वाटून घ्यायची सोयही विंडोजमध्येच आहे. तरी अपडेटं आता जीबीत येतात, आणि जतच्या बाजूला रस्त्याची खोदाई झाली की फायबर तुटते ती दोन-दोन दिवस. तिथं जुनी पद्धतच कामाला येते. एकदा प्रिंटरच्या सेटिंगची चुकीची फाइल आम्ही याच वेगानं सगळीकडे पोचवली होती आणि ती निस्तरायला पुन्हा गाड्या काढाव्या लागल्या. म्हणून आता फाइल आधी आमच्या टेबलावरच्या मशिनवर जाते, मग तासगावला, कारण काही बिघडलं तर तिथं लवकर पोचता येतं. मधे एक पूर्ण दिवस जाऊ देतो. तासगावच्या मॅडमनी ‘पासबुक नीट छापतंय’ असं कळवलं, की आमचा आटपाडीचा मुलगा रात्री अकराला बाकीच्या सोळा शाखांची यादी चालू करतो.