तुम्ही विचारलंत म्हणून: "त्या सिरीजमधल्या शिव्या तुमच्याच का?"

लग्नात विचारतात, बाजार समितीत विचारतात, परवा तर तेरवीच्या पंगतीत विचारलं. विचारणारा स्वतः दर वाक्याला एक हासडतो, ते सोडा.

सिरीज वणीकडच्या कापसाच्या जिनिंगवरची. संवादांतली वऱ्हाडी तेवढी माझ्याकडे होती. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, निदान ओलावा मोजून, 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते; आमचा व्यापारी गाडीत नुसता हात खुपसून "ओला हाय" म्हणतो अन् भाव पाडतो. शेतकरी त्याच्याकडे पाठ फिरवून एक शिवी देतो. (तोंडावर कसा देणार, काटा व्हायचाय अजून.) ती एक माझी. बाकीच्या मुंबईत घातल्या, त्याही दिल्लीकडच्या हिंदीतल्या. म्हणे गाव 'रॉ' वाटलं पाहिजे.

अश्लील म्हणाल तर उत्तर तयार आहे. 'कॉलेज रोमान्स' या हिंदी वेब सिरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये सांगितलं, नुसती शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे. त्याआधी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी तेच भाग इअरफोन लावून पाहिले होते.

आमच्या ओसरीत इअरफोन कुठले! भाच्यानं मोबाईल तांब्याला टेकवून मोठ्या आवाजात लावला. आईला पडद्यावर माझं नाव पाहायचं होतं. हिंदी शिव्या सुरू झाल्या तशी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली, वर पाहिना. संपल्यावर म्हणाली, "यातली तुई कोनती?"

लिहिली होती, पण तिच्यासमोर तोंडातून निघेना. भाच्यानं तो सीन मागे घेऊन ऐकवला.

"हे तं तुया बाप मले देये," आई म्हणाली. मग शेंगांचं टोपलं उचलता उचलता, "जिनवाल्याले कधी नाई देली त्यानं."

शूटिंगच्या आधी मीच भांडलो होतो की बाकीच्या काढा, ही खरी आहे, ही ठेवा. अजूनही म्हणतो, खरी आहे. आई काही बाबांबरोबर जिनिंगवर जात नव्हती. तिथं पाठ फिरवून ते काय पुटपुटत, तिला काय माहीत? पण घरी काय म्हणत, ते मला माहीत होतं. मग मी ती तिकडे का नेऊन ठेवली?

आता दुसऱ्या सीझनमध्ये त्या शेतकऱ्याचं घर दाखवायचंय. बायकोशी तो कसा बोलतो, ते पुढच्या आठवड्यात लिहून हवंय.