ग्रेनोबलमधील डीबीएस : शस्त्रक्रियेनंतर सुरू होणारा उपचार

मी फ्रान्समधील ग्रेनोबल शहरात कंपवातावरील डीप ब्रेन स्टिम्युलेशनवर, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तार बसवून वीजप्रवाह देण्याच्या, सर्वांच्या तोंडी ‘डीबीएस’ असलेल्या उपचारावर, संशोधन करते हे कळल्यापासून सांगलीच्या मामींचा एकच प्रश्न असतो : “ऑपरेशन झाले की यांच्या गोळ्या बंद होतील ना?” बहुधा होत नाहीत, कमी मात्र होऊ शकतात.

या उपचाराचे आधुनिक रूप इथलेच. थरथर थांबवण्यासाठी त्या काळी मेंदूतील थॅलॅमसचा छोटासा भाग जाळून टाकत आणि जागा चुकू नये म्हणून आधी तिथे वीजप्रवाह देऊन पाहत. १९८७ साली न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद यांनी या चाचणीत प्रवाहाची वारंवारता वाढवत नेली, तेव्हा ती सेकंदाला शंभराच्या आसपास पोहोचताच रुग्णाची थरथर थांबली आणि प्रवाह बंद करताच परत आली. जे जाळून साधायचे ते न जाळता साधत होते, शिवाय हवे तेव्हा मागे घेता येत होते. पुढे अमेरिकेत मालन डीलाँग यांच्या गटाने १९९० साली माकडांवरील प्रयोगांतून कंपवातात सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूतील खोलवरच्या छोट्या केंद्राचे महत्त्व दाखवले आणि १९९३ मध्ये ग्रेनोबलच्याच चमूने कंपवाताच्या रुग्णाच्या त्या केंद्रात इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाह देणारी बारीक तार, बसवला. हे केंद्र जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे आहे.

शस्त्रक्रियेआधीची लेव्होडोपा या कंपवातावरील मुख्य औषधाची चाचणी मला फार बोलकी वाटते. आदल्या रात्रीपासून औषध बंद ठेवलेला रुग्ण सकाळी खुर्चीतून उठताना दोन-तीनदा मागे कोसळतो. मग त्याला औषध देतात आणि ते चढल्यावर तोच माणूस उठून खोलीभर चालतो. या दोन अवस्थांतील फरक जितका मोठा, तितकी डीबीएसकडून आशा अधिक. थरथर हा याला मोठा अपवाद आहे, कारण औषधाला न जुमानणारी थरथरही प्रवाहाने कमी होऊ शकते. परंतु ज्याचा तोल औषध घेऊनही जातो, त्याचा तो शस्त्रक्रियेनेही बहुधा सावरत नाही. म्हणून मामींना मी सांगते, की आधी मामांना गोळीचा गुण किती येतो ते डॉक्टरांना विचारा.

इलेक्ट्रोड बसले, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसली, की लोकांना काम संपल्यासारखे वाटते. वास्तविक इथूनच कस लागतो. डॉक्टर प्रवाह थोडाथोडा वाढवत रुग्णाची बोटे उघडझाप करायला लावतात आणि मनगट हलवून ताठरपणा जोखतात. प्रवाह शेजारच्या तंतूंपर्यंत पसरला, की ओठाचा कोपरा ओढला जातो किंवा बोलणे जड होते, आणि तिथून मागे यावे लागते. थरथर काही क्षणांत उतरते, पण चालण्यातला फरक कळायला कित्येक तास, कधी दिवसही जातात. त्यामुळे एका भेटीत हे जुळत नाही, आणि मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून दूर गावी परतणाऱ्या रुग्णाने या फेऱ्यांचा विचार आधीच करावा.

सध्याचे संशोधन या जुळवाजुळवीतला काही भार उपकरणावर टाकण्याचे आहे. औषधाचा अंमल उतरला, की सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये साधारण १३ ते ३० हर्ट्‌झच्या ‘बीटा’ नावाच्या विद्युतलहरी वाढलेल्या दिसतात. त्या पाहून प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या प्रणालीला अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली. अडचण अशी, की या लहरी झोपेत आणि हालचालीतही बदलतात, आणि प्रत्येक रुग्णात त्यांचे शिखर वेगळ्या वारंवारतेला असते. त्यामुळे किती वाढल्या म्हणजे प्रवाह वाढवायचा, ही मर्यादा अजून तरी डॉक्टरांनाच त्या त्या रुग्णापुरती आखून द्यावी लागते.