ती रागावली नव्हती, रुसली होती

फिलिपिनो मुलीशी लग्न करून सोलापुरात आलो त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. दूध उतू गेलं, शेगडीभर पसरलं आणि मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, "आर यू मॅड?" आपण घरात सहज म्हणतो ना, "येडी आहेस का गं?", तेवढ्याच अर्थानं. बायको फडक्यानं ओटा पुसत होती. मान वर न करता शांतपणे म्हणाली, "नो, आय ॲम नॉट मॅड." मला वाटलं, उलट उत्तर देतेय. माझा आवाज आणखी चढला. रात्री ती जवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं, "आर यू मॅड?" मी ताडकन उठलो. दिवसभर राबून आलेल्या नवऱ्याला ही वेडा म्हणते!

या तीन शब्दांचा उलगडा व्हायला सहा-सात महिने गेले. फिलिपिन्सवर १८९८ पासून १९४६ पर्यंत, मधली जपानी वर्षं सोडली तर, अमेरिकेचा अंमल होता. त्यामुळे तिथल्या शाळांतलं इंग्रजी अमेरिकन वळणाचं. त्यात 'मॅड' म्हणजे चिडलेला. मी तिला "वेडी आहेस का" म्हणत होतो आणि ती ऐकत होती "चिडलीस का". ती मला "चिडलास का" विचारत होती आणि मी ऐकत होतो "वेडा आहेस का". दोघांनाही परकी असलेली भाषा, आणि भांडण मात्र तिच्यातच.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात अक्कलकोटकडच्या एका मुलाचा निरोप आला. तो कतारमध्ये दोह्याला नोकरी करतो, तिथल्याच एका फिलिपिनो मुलीशी लग्न ठरवतोय. त्याने विचारलं, "दादा, त्या मुली स्वभावाने गरीब असतात म्हणतात, खरं का?" मी दुबईत नऊ वर्षं काढली, हे वाक्य तिथल्या लेबर कॅम्पपासून ऑफिसपर्यंत शंभरदा ऐकलंय. मला ते फार घातक वाटतं. कारण मीही ते खरं धरूनच संसाराला लागलो होतो.

माझी बायको इलोइलो प्रांतातल्या मियागाव गावची. पनाय नावाच्या बेटावर, समुद्रकाठी. गावातलं जुनं दगडी चर्च १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गावाची बोली किनाराय-आ, प्रांताची भाषा हिलिगायनोन. देशभर चालणारी टागालोग ती शाळेत आणि टीव्हीवरून शिकली. इलोइलोच्या लोकांबद्दल त्यांच्या देशात सगळीकडे एक गोष्ट सांगतात: हे लोक इतकं हळू, गाणं म्हटल्यासारखं बोलतात की भांडत असले तरी समोरच्याला कळत नाही. मला ती तेव्हा गंमत वाटली होती. ती सूचना होती.

माझं घर याच्या नेमकं उलट. वडील सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. जॅकार्डचे यंत्रमाग, धोट्याचा खटखटाट, दहा-दहा तास. तिथे शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. तो आवाज ते घरी घेऊन यायचे. मीठ मागायचं तरी ओरडून. चिडले तर गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. मग दहा मिनिटांत "चहा टाक की" म्हणत आईशेजारी बसायचे, आणि विषय संपलेला असायचा. आम्ही भावंडं समजून चाललो की राग असाच असतो. भडकतो, विझतो, मागे काही ठेवत नाही. आईच्या मनात काय मागे राहिलं, हे तिला कधी कुणी विचारलं नाही.

गंमत अशी की विणकाम बायकोच्याही घरात आहे. मियागावात हातमागावर हाब्लोन नावाचं कापड विणतात. तिची आजी ते विणायची. लग्नानंतर मी तिला कारखाना दाखवायला नेलं, तर ती दारातच कानांवर हात ठेवून उभी राहिली. "आजीच्या मागाचा आवाज अंगाईसारखा होता," म्हणाली. मला तेव्हाच काही सुचायला हवं होतं.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. आत्याच्या नातवाचं बारसं झालं, त्याचं केळवणासारखं जेवण आमच्याकडे ठेवलं होतं. घरात अकरा माणसं. बाजाराला जाताना मी बायकोला सांगून गेलो होतो की आत्याला विचारून ठेव, भाकरी खाणार की पोळी. परत आलो, विचारलं, "विचारलंस का?" तिने उत्तर न देता फक्त भुवया उंचावल्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा भुवया. आपल्याकडे असं कोण करतं? ज्याला "बरं मग?" म्हणायचं असतं तो. मी सगळ्यांसमोर फुटलो. मराठीत, इंग्रजीत, जे तोंडाला येईल ते. आणि ती हसली. तोंडावर हात धरून, बारीकसं. "मी बोलतोय आणि तू हसतेस?" या वाक्यावर तर माझा आवाज वडिलांच्याही वर गेला. शेवटी म्हणालो, "जमत नसेल तर जा आपल्या घरी."

भुवया उंचावणं म्हणजे त्यांच्याकडे 'हो'. तिने आत्याला विचारलं होतं, भाकरीचं पीठही काढून ठेवलं होतं. आणि ते हसू लाजेचं होतं. हिलिगायनोनमध्ये 'हुया', टागालोगमध्ये 'हिया'. चारचौघांत उघडं पडल्यावर माणसाला जे होतं ते. रडू येऊ नये, समोरच्याची आणि आपली उरलीसुरली अब्रू जाऊ नये म्हणून चेहरा हसतो. मी त्याला उद्धटपणा समजलो.

पुढचे चार दिवस ती काहीच बोलली नाही. म्हणजे कामापुरतं बोलायची. शेंगाचटणी कुटली, आईच्या गोळ्या वेळेवर दिल्या, माझा डबा भरला. विचारलं की "ओके लांग", ठीक आहे म्हणे. पण जेवताना माझ्यासमोर बसायची नाही. संध्याकाळी गच्चीवर जाऊन होटगी रोडच्या दिशेने बघत उभी राहायची. मी ठरवलं, धरू दे अबोला, बघू कोण दमतं. दुसऱ्या दिवशी चिडलो, तिसऱ्या दिवशी घाबरलो.

चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, ती रागावली नाही की रे. रुसलीय."

"मग फरक काय?"

"रागावलेल्याला सोडून द्यायचं असतं थोडा वेळ. रुसलेल्याकडे जायचं असतं."

आईला टागालोगचा एक शब्द येत नाही. पण तिने जे सांगितलं, त्याच्यासाठी त्या भाषेत एक शब्द आहे, 'ताम्पो', आणि सगळ्या देशात तो माहीत आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याने दुखावलं की माणूस भांडत नाही, मागे सरतो. बोलणं कमी करतो, जवळ येणं थांबवतो, आणि वाट बघतो की आता हा येईल, विचारेल, मनधरणी करेल. परक्यावर कुणी ताम्पो करत नाही. इंग्रजीत त्याचं भाषांतर करायला गेलं की लहान मुलाचा हट्ट वाटतो, म्हणून इंग्रजीतून समजून घेणारे नवरे चिडतात. आपल्याला इंग्रजीची गरजच नाही. आपल्याकडे 'रुसवा' आहे. लग्नात जावई रुसतो, आत्याबाई रुसतात, घरातले मोठे हातातली कामं टाकून त्यांचा रुसवा काढायला जातात. कुणी म्हणत नाही की बसू दे उपाशी. मी हे सगळं बघत मोठा झालो, आणि बायको रुसली तेव्हा ते मला ओळखता आलं नाही.

त्या संध्याकाळी गच्चीवर गेलो. समजावून सांगायला लागलो तर तिने मान फिरवली. मग गप्प शेजारी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तू मला घरी जा म्हणालास. कुठे जाऊ?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आईचं माहेर मोहोळ. वडिलांशी वाजलं की ती एसटीत बसायची, तासाभरात माहेरी. दोन दिवसांनी वडील आणायला जायचे, मामा जेवू घालायचे, दोघं परत. "जा माहेरी" हे वाक्य आमच्या घरात म्हणूनच हलकं होतं. हिचं माहेर दोन-तीन विमानांपलीकडे. आणि तिच्या देशात, मुस्लिमांसाठीचा वेगळा कायदा सोडला तर, घटस्फोटाचा कायदाच नाही. तिची एक मावशी कित्येक वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहते, कागदावर अजून त्याचीच बायको. ज्या ठिकाणी लग्न मोडण्याची सोपी वाट नाही, तिथल्या मुलीला "जा" म्हणणं किती जड होतं, ते मला त्या रात्री कळलं.

त्याच रात्री तिने आणखी एक सांगितलं. परदेशी माणसाशी लग्न करून देश सोडणाऱ्या प्रत्येक फिलिपिनो व्यक्तीला तिथल्या सरकारच्या कमिशन ऑन फिलिपिनोज ओव्हरसीज या कार्यालयाच्या समुपदेशनाला बसावं लागतं, त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तीही बसली होती. मला ते कागदपत्रांपैकी एक कागद वाटलं होतं. नवऱ्याने छळलं, कोंडलं, मारलं तर कुणाला गाठायचं, हे तिथे सांगतात. तिने ते नंबर वहीत लिहून आणले होते. "त्या दुपारी तू ओरडत होतास तेव्हा मला ती वही आठवली," म्हणाली. मी कधी हात उगारलेला नाही, पुढेही उगारणार नाही. पण तिला वही आठवली. हे वाक्य मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. हो, ती माहेरी पैसे पाठवते. ती थोरली आहे, धाकट्या भावाचं कॉलेज तिच्यावर आहे. 'उतांग ना लोओब', म्हणजे ज्यांनी घडवलं त्यांचं मनातलं ऋण. मीही सुरुवातीला कुरकुरलो. मग एकदा माझं दुबईचं जुनं पासबुक काढून बसलो. नऊ वर्षं मी दर महिन्याला सोलापूरला काय पाठवत होतो? बहिणीचं लग्न, घराचे हप्ते, वडिलांचं ऑपरेशन. माझं ते कर्तव्य आणि तिचं ते नुकसान, असं म्हणायला मला तोंड नाही. आता महिन्याच्या सुरुवातीलाच आकडा दोघं मिळून ठरवतो. तरी वाद होतात. गेल्याच आठवड्यात झाला.

राग मला अजून येतो. रक्तातलाच आहे. पण तो येतोय हे आता आधी कळतं, कानाच्या पाळ्या गरम होतात. मग मी स्कूटर काढून संभाजी तलावावर जातो, फेऱ्या मारतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा न सांगता गेलो, आणि तिला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. सोडून गेला, असं वाटलं. आता उंबऱ्यात थांबून सांगतो, "अर्ध्या तासात येतो," आणि अर्ध्या तासात येतो. पस्तीस मिनिटं नाही. चिडलो असताना इंग्रजी बोलत नाही. मराठीत बोलतो, हळू बोलतो, तिला आता पुरेसं येतं. आणि तिसरं माणूस खोलीत असेल तर अजिबात बोलत नाही, मग ती आई असो की आमची मुलगी.

तिच्याकडूनही तडजोड झाली. चार दिवसांचा रुसवा आता एका रात्रीवर आलाय, कारण तिने मला एक खूण दिली. एरवी ती मला नावाने हाक मारते. आईने शिकवलेलं "अहो" फक्त रुसल्यावर वापरते. "अहो, जेवून घ्या" ऐकलं की मी हातातलं ठेवून स्वयंपाकघरात जातो.

बारशाच्या जेवणाची एक बाकी मात्र राहिली होती. मी गच्चीवर माफी मागितली होती, पण ओरडलो होतो अकरा माणसांसमोर. जिथे मान गेला तिथेच तो परत यायला हवा, असं मला वाटत राहिलं. संक्रांतीला, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरलेली, तीच मंडळी पुन्हा घरी आली. तिळगूळ देऊन झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती, हिने विचारलेलं होतं, मला तिचं 'हो' कळलं नाही. खोली गप्प झाली. आत्या म्हणाली, "बायकोची माफी? चारचौघांत?" मी म्हणालो, "ओरडलो चारचौघांतच होतो की आत्या."

आत्याला ते आवडलं नाही, अजूनही बोलून दाखवते. बायको दारात उभी होती. आईने तिच्याकडे बघून विचारलं, "झालं का पोरी समाधान?"

तिने भुवया उंचावल्या. आई म्हणाली, "हो म्हणतेय."