गंधाराखालची आडवी रेघ

वर्गात शिरलं की समोर पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची तसबीर दिसते. गुरुपौर्णिमेला तिला हार घालणाऱ्या नव्या मुलांना एवढं तरी ठाऊक असावं, की फळ्यावर लिहिलेली चीज (रागात बांधलेलं गाणं), एका वर्गात पंधरावीस जण, पायरीपायरीचा अभ्यासक्रम, हे सगळं आपल्याला आयतं मिळालंय. ते या माणसानं हाडाची काडं करून उभं केलं.

कुरुंदवाडचा जन्म, १८७२चा. दत्तजयंतीच्या दारूकामात डोळे अधू झाले आणि कीर्तनकाराचा हा मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागला. त्या काळी तालीम म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि मर्जीनं मिळेल तेवढं उचलायचं. चिजेचा पहिला भाग, अस्ताई, मिळाली तरी पुढचा अंतरा मिळेलच असं नाही.

५ मे १९०१ रोजी पंडितजींनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकाच्या पदरी न राहता फी आणि देणग्यांवर गाण्याची शाळा चालवायची, याला छाती लागते. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. तेव्हा ते ठरल्या वेळी एकटेच तंबोरा घेऊन बसत. चिजांतले शृंगाराचे शब्द बदलून त्यांनी भक्तीचे घातले, यावर आजही वाद होतो. पण त्याशिवाय घरंदाज माणसांनी मुलांना, त्यातही मुलींना, गाण्याला पाठवलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

वर्गाला एकदम शिकवायचं तर चीज डोळ्यांना दिसायला हवी. त्यासाठी स्वर आणि ताल लिहिण्याची लिपी. परीक्षेच्या पुस्तकांत पलुस्कर लिपी म्हणून जी छापतात, तिच्यात स्वराखाली आडवी रेघ म्हणजे एक मात्रा (तालाचा एक ठोका), शून्य म्हणजे अर्धी, चंद्रकोर म्हणजे पाव. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराच्या डोक्यावर टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वराच्या डोक्यावर उभी रेघ, कोमल (थोड्या उतरलेल्या) स्वराच्या अक्षराचा पाय मोडलेला. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, १ आकड्यानं, ‘खाली’, म्हणजे टाळी न देण्याची जागा, अधिक चिन्हानं, बाकी टाळ्या मात्रेच्या आकड्यानं. म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालात १, ५, + आणि १३.

घोटाळा होतो तो भातखंडे लिपीत, म्हणजे पं. विष्णु नारायण भातखंड्यांच्या दुसऱ्या लिपीत, शिकून आलेल्या मुलांचा. तिथे स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल. मग भूप रागाची साधी ओळ, सगळे स्वर शुद्ध, सा रे ग प ध, प्रत्येकाखाली एकेक मात्रेची रेघ, आणि मुलगा रे, ग, ध कोमल लावून मोकळा! भूपाचा झाला भूपाल तोडी, म्हणजे वेगळाच राग. ओळखायची खूण सोपी आहे: षड्ज (सा) आणि पंचम (प) कधी कोमल होत नाहीत, त्यांच्याखालीही रेघ असेल तर ती मात्रेचीच. टिंबाचंही तसंच. भातखंडे लिपीत डोक्यावरचं टिंब तार सप्तकाचं, इथे मंद्राचं. घरच्या वहीत प्रत्येक चिजेवर लिपीचं नाव घालावं.

आणि काही गोष्टी कुठल्याच लिपीत मावत नाहीत. दरबारी रागाचा गंधार (ग) कागदावर नुसता पायमोडका ग. त्याचं आंदोलन, म्हणजे झुलणं, किती संथ, तो ऋषभाकडे (रे) किती झुकलेला, हे समोरून ऐकल्याशिवाय गळ्यात उतरत नाही. नुसत्या वहीवरून बसवलेली चीज तालात बिनचूक असते, पण स्वर सुटेसुटे पडतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नसते, शेजारच्या स्वराचा ओझरता कण नसतो.

पंडितजींना हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच सर्वांसाठी वर्ग आणि पुस्तकं ठेवूनही, पुढे ज्यांना शिक्षक व्हायचं त्यांच्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला: नऊ वर्षांचा करार, राहणंजेवण विद्यालयातच, तालीम जुन्या शिस्तीची. १९०८मध्ये मुंबईला शाखा निघाली. तिथली इमारत कर्जापायी लिलावात गेली. पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही माणसं तयार झाली होती. २१ ऑगस्ट १९३१ला पंडितजी मिरजेत गेले. पुढच्याच वर्षी विनायकबुवांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.