लिफ्ट वर घेतली आणि ‘कट्ट’ वाजलं

जानेवारीचा दुसरा आठवडा. कोल्हापूरजवळच्या हळदी गावाच्या अलीकडं, भोगावतीकाठचं रान. राधानगरी रस्त्यावर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि आत बांधावर २४ एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर व्हील ड्राइव्हचा जुना मिनी ट्रॅक्टर उभा. आण्णांनी तो शेजारच्या जिल्ह्यातून रोटावेटरसकट, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या रोटरसकट, घेतला होता. मीटर १,८६० तास दाखवत होता. काम एकच, साडेचार फुटी सरीतल्या ८६०३२ जातीच्या उसाच्या ऑक्टोबर लागणीची बाळभरणी, म्हणजे कोवळ्या उसाची पहिली हलकी भरणी. ट्रॅक्टर रानाला जुळवून द्यायचा आणि आण्णांना नि त्यांच्या मुलाला तो चालवायला शिकवायचा, म्हणून मला बोलावलेलं.

आदल्या रात्रीच फोनवर सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही. जुन्या इंजिनाचं खरं रूप थंडीतच कळतं. तापवून ठेवलेलं कुठलंही इंजिन पहिल्या हबक्याला सुरू होतं. सायलेन्सरच्या मुळाशी हात लावला, गार होतं. किल्ली ग्लो प्लगवर सात-आठ सेकंद धरली नि स्टार्टर मारला. दुसऱ्या फेरीला इंजिन धरलं. अर्धा मिनिट पांढरा धूर आला, मग निवळला. थंडीत तेवढा चालतो. इंजिन तापल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय, आणि लोड नसताना काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर उघडावा. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर उलटं ठेवलं. ते जरासं थरथरलं, उडालं नाही. रिंगा आणि लायनर थकले असते तर झाकण नाचलं असतं. इंजिनाची काळजी तिथं संपली.

गिअरबॉक्सचं ऑइल मात्र इंजिन सुरू करायच्या आधीच बघून झालं होतं. या छोट्या ट्रॅक्टरांत गिअर, ब्रेक आणि मागचं अवजार उचलणारी लिफ्ट एकाच ऑइलवर चालतात, म्हणून त्यात ९० नंबरचं साधं गिअर ऑइल घालायचं नसतं. ऑइलात बुडालेल्या ब्रेकना चालणारं ट्रान्समिशन ऑइल लागतं. साध्या ऑइलनं ब्रेक किरकिरतात आणि थंडीत लिफ्ट उशिरा उचलते. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिला की आत शिरलेलं पाणी तळाला बसतं, त्यामुळं तपासणी सकाळीच. खालचा ड्रेन प्लग दोन आटे सैल केला. आधी चमचाभर स्वच्छ पाणी आलं, मग दुधाळ ऑइल. पाणी कुठून, याचं उत्तर सीटजवळ होतं. गिअरच्या दांड्याचं रबरी बूट मुळाशी फाटलेलं. वॉशिंगला प्रेशरनं पाणी मारलं की ते थेट आत. बूट नवं घालायचं, ऑइल सगळं काढायचं, नवं भरायचं आणि ५० तासांनी तेही बदलायचं, कारण कोपऱ्यात साचलेला दुधाळ भाग एका खेपेत निघत नाही. हा दुहेरी खर्च आण्णांना जड गेला, पण आत गंज धरला की बेअरिंगांचा खर्च याच्या कैक पट होतो.

मग सुरक्षेचा स्विच. पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारी फिरती दांडी. पीटीओचा दांडा गुंतवून, क्लच पूर्ण दाबून किल्ली फिरवली. स्टार्टर फिरायला नको होता. फिरला. दोन पिनांच्या कनेक्टरात तांब्याच्या तारेचा तुकडा खोचून स्विच बाद केला होता. जुन्या ट्रॅक्टरांत हे इतकं सर्रास दिसतं की मी आता पहिल्या तासातच बघतो. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडेसहा सेंटिमीटर जाडीच्या नळीवर टॉवेलाचं टोक अडकलं तर एका सेकंदात पावणेदोन मीटरच्या वर कापड गुंडाळलं जातं. हात सोडवायलाही वेळ नसतो. मी तार काढली आणि आण्णांना स्पष्ट सांगितलं, नवा स्विच बसल्याशिवाय आज रोटर रानात जाणार नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून बांधावर ठेवला. मुलाला आणायच्या सामानाची यादी तिथंच सुरू झाली.

रोटर जोडताना मुलाला क्रम शिकवला. अवजार धरणारे मागचे तीन दांडे म्हणजे लिंका. आधी डावी लोअर लिंक, कारण तिची लांबी कायम असते. मग उजवी, जिला लेव्हलिंगचा स्क्रू असतो. मग टॉप लिंक, आणि पीटीओपासून रोटरपर्यंत ताकद नेणारा, एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्यांचा शाफ्ट सगळ्यात शेवटी. खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ ची. खालच्या लिंकांची भोकं किंचित लंबगोल झाली होती, गोळे ढिले होते, पण चालण्यासारखे. शाफ्टचं लॉक टक्कन बसलं. इंजिन आयडलवर, पीटीओ बंद. लिफ्टचा दांडा मी हळूहळू वर घेतला.

रोटर जमिनीपासून वीतभर उचलला आणि मागून ‘कट्ट’ असा आवाज आला. मी दांडा तिथंच थांबवला.

“पहिल्यापास्नं वाजतंय,” आण्णा म्हणाले. “इकणारा म्हनला, लिफ्टचा आवाज हाय, त्यानं काय हुईत न्हाई.”

आवाज लिफ्टचा नव्हता. रोटर खाली घेतला, इंजिन बंद केलं, शाफ्ट काढला आणि दोन नळ्या वेगळ्या केल्या. आतल्या नळीचं टोक कडेनं चेपून फुलासारखं उमललं होतं आणि घासून आरशागत चकाकत होतं. बाहेरच्या नळीच्या तळाला तसाच गोल चट्टा. शाफ्ट लांब होता. हा रोटर आधी मोठ्या ट्रॅक्टरवर चालला असणार, आणि शाफ्ट न कापता तसाच या छोट्यावर चढवलेला.

इथं बहुतेकांची एक गफलत होते. रोटर जमिनीवर टेकवून शाफ्ट बसला की माप जमलं असं वाटतं. पण ट्रॅक्टरचा पीटीओ आणि रोटरच्या गिअरबॉक्सची दांडी एका उंचीवर येतात तेव्हा दोघांमधलं अंतर सगळ्यात कमी असतं. रोटर खाली असताना नाही, पूर्ण वर असतानाही नाही, मधेच कुठंतरी. या जोडीत ती जागा जमिनीपासून वीतभर वर होती. तिथं नळ्या तळाला टेकत आणि लिफ्टचा सगळा जोर शाफ्टमार्गे पुढं पीटीओच्या बेअरिंगवर नि मागं रोटरच्या गिअरबॉक्सवर जाई. बांधावर रोटर उचलायचा म्हटलं की दर सरीच्या टोकाला एक ठोका. दिवसाला शंभर-दीडशे ठोके.

पीटीओची दांडी हातात धरून पुढं-मागं हलवली. दोनेक मिलिमीटर खेळ लागला. खाली ऑइल सीलमधून ओघळ आणि त्यावर मातीचा लेप. विकणाऱ्यानं ‘गिअरबॉक्स जरा पाझरतो’ म्हणून किंमत कमी केली होती. गिअरबॉक्सचा त्यात काही दोष नव्हता.

ऑइल तर काढायचंच होतं, त्यामुळं मागचं कव्हर लगेच उघडता आलं. बेअरिंगवर ६२०७ नंबर होता. आतला व्यास ३५ मिलिमीटर, बाहेरचा ७२, रुंदी १७. बोटावर फिरवलं तर एका जागी अडखळत होतं. सीलवरचं मापही पुसून वाचलं. मुलाला सांगितलं, “नुसतं ट्रॅक्टरचं मॉडेल सांगू नकोस. बेअरिंग नि सील दोन्ही खिशात घेऊन जा, नंबर दाखव, मापानं घे.” तो मोटारसायकलवरनं उद्यमनगरला गेला. कोल्हापुरात ही मोठी सोय आहे. ऑइल इंजिनाच्या काळापासून तिथं बेअरिंग, सील, लेथचं काम, सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं.

तो येईपर्यंत चाकं. साडेचार फुटी सरी म्हणजे उसाच्या एका बेटाच्या मध्यापासून शेजारच्या ओळीतल्या बेटाच्या मध्यापर्यंत १३७ सेंटिमीटर. फुटव्यांनी बेटं पंचवीस सेंटिमीटरपर्यंत रुंदावलेली, म्हणजे मोकळी जागा ११२. ट्रॅक्टर टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजला तर १०५. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर! नवख्या हाताला एवढ्या जागेत कोंब मोडल्याशिवाय चालणार नाही. मागच्या चाकांची डिश, म्हणजे मधली खोलगट तबकडी, उलटी केली की रुंदी कमी होते. इथं ती ९३ झाली, बाजूला साडेनऊ-साडेनऊ मिळाले. डिश उलटताना डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं न्यावं लागतं. त्याच बाजूला उलटून बसवलं तर टायरची नक्षी उलटी होते, पकड जाते आणि मातीही निघून पडत नाही. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघावं, नक्षीचं टोक वर असलं पाहिजे.

रुंदी कमी केली की ट्रॅक्टर कलंडायची भीती वाढते. ते आण्णांना दोनदा सांगितलं. बांध ओलांडताना तिरकं जायचं नाही, सरळ, पहिल्या गिअरमध्ये, रोटर खाली धरून. उताराला आडवं वळायचं नाही. या चाकांवर उसाची ट्रॉली ओढायचा विचारही करायचा नाही.

एक गोष्ट त्या दिवशी सुटण्यासारखी नव्हती. मागचे टायर नवे, पुढचे झिजलेले. फोर व्हील घातल्यावर पुढची चाकं, फोर व्हील सोडून फिरतात त्यापेक्षा एक ते पाच टक्के जास्त फिरायला हवीत, तरच ती ओढतात. चारी टायरांवर खडूची खूण केली. मागच्या चाकाच्या २० फेऱ्यांत, फोर व्हील सोडून, पुढचं चाक ३०.२ वेळा फिरलं. फोर व्हील घालून ३०.४. फरक पाऊण टक्काही नाही. म्हणजे पुढची चाकं नुसती सोबत चालत होती. झीज आणखी वाढली की ती ब्रेकसारखी मागं ओढतील. बाळभरणीला चालेल, पण पावसाळ्यातल्या भाताच्या चिखलणीआधी पुढचे टायर बदलायचे, हे लिहून दिलं. डांबरी रस्त्यावर फोर व्हील कधीच नाही. तिथं चाक घसरून ताण सोडू शकत नाही, तो सगळा गिअरांवर जातो.

दुपारी दोनला मुलगा सामान घेऊन आला. बेअरिंग, सील, बूट, स्विच बसले, ऑइल भरलं. मग शाफ्ट. रोटर लाकडी ठोकळ्यांवर टेकवून दोन्ही दांड्या एका पातळीत आणल्या, म्हणजे सगळ्यात कमी अंतर. दोन्ही अर्धे शेजारी-शेजारी धरून खुणा केल्या. त्या जागी तळाला किमान अडीच सेंटिमीटर मोकळे हवेत, आणि रोटर सगळ्यात लांब असताना नळ्या एकमेकींत किमान पंधरा सेंटिमीटर राहायला हव्यात. कापायचे साडेचार सेंटिमीटर निघाले. आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लॅस्टिकची कव्हरं, चारही तेवढीच. हॅक्सॉनं कापून कडा कानशीनं गोल केल्या, कीस पुसला, ग्रीस लावलं. जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत धरले. एक खाच चुकली तरी शाफ्ट धडधडतो आणि सांध्यातला क्रॉस लवकर जातो.

लिफ्ट वर. खाली. परत वर. आवाज नाही. आण्णा मागं वाकून कान देत होते. “आता कसं गप बसलंय बघा,” म्हणाले.

रानात वाफसा चांगला होता. मूठभर माती दाबली, गोळा झाला, कमरेएवढ्यावरून सोडला तर फुटला. ओल्या काळ्या रानात हाच रोटर ढेकळं करतो आणि पात्यांना माती गुंडाळतो. बाजूच्या घसरपट्ट्या दहा सेंटिमीटर खोलीला लावल्या. पाती आतल्या बाजूला वळवली, म्हणजे माती मधे राहते, कोवळ्या बेटावर पडत नाही. मोठ्या भरणीला ती बाहेर वळवायची.

मुलगा सीटवर बसला. क्लच, लो रेंज, पहिला गिअर. पीटीओ कमी आरपीएमवर गुंतवायचा, मग थ्रॉटल मीटरवरच्या ५४० च्या खुणेपर्यंत, आणि ट्रॅक्टर पुढं सरकत असतानाच रोटर हळू खाली. त्याचा पहिला प्रयत्न उलटा. रोटर आधी जमिनीत टेकवला, मग पीटीओ घातला. इंजिन दबलं, शिअर बोल्ट तुटला. हा बोल्ट मुद्दाम मऊच असतो, जास्त जोर आला की आधी तोच तुटावा म्हणून. जागी जाड किंवा कडक बोल्ट घातला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. जोडीला दिलेलाच नवा बोल्ट घातला आणि पुन्हा.

वेग टेपनं ठरवला. ३० मीटर अंतर ५४ सेकंदांत गेलं, म्हणजे ताशी दोन किलोमीटर. साडेचार फुटी सरीचं एका एकरात तीन हजार मीटरच्या आसपास चालणं होतं. वळणं धरून दोन तास, डिझेल पाचेक लिटर. वळताना रोटर उचलण्याआधी पीटीओ बंद करायचा, हे तिसऱ्या सरीनंतर त्याच्या हाताला बसलं. ब्रेक मात्र डावीकडं खेचत होते. एका पेडलचा खेळ साडेतीन सेंटिमीटर, दुसऱ्याचा दोन. दांड्यांवरचे स्क्रू फिरवून दोन्ही अडीचवर आणले. रानातून रस्त्यावर निघताना दोन्ही पेडलं एकत्र लॉक करायची, हेही त्याच वेळी.

तासाभरानं थांबवून चाकांचे नट परत आवळले. उलटवलेली डिश बसते तशी नटं सैल होतात. उजव्या चाकाच्या दोन नटांनी पाव फेरा घेतला. शाफ्टच्या आतल्या नळीवर मी कापून जोडताना खडूची रेघ ओढली होती. मुलानं शाफ्ट काढून ती बघितली. रेघ जिथंपर्यंत पुसली होती तिथून तळापर्यंत त्यानं पट्टी लावली आणि बापाला ओरडून सांगितलं, “आण्णा, अडीच सेंटिमीटर हाय अजून!”