सोलापूरहून दाभोळ: घोड्यांच्या बंदरात दोन दिवस

आपल्या सोलापूरकडं बंदर म्हटलं की मुंबईच डोळ्यांपुढं येते. पण बहमनींचं आणि पुढं विजापूरच्या आदिलशाहीचं मोठं बंदर होतं कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं दाभोळ. परदेशातले घोडे इथं उतरायचे आणि घाट चढून वर यायचे. 15व्या शतकातला रशियन प्रवासी निकितिन परतीच्या जहाजात बसला तोही दाभोळातच.

आम्ही पहाटे पाचला निघालो. पंढरपूर, आटपाडी करत भिवघाटला गुहागर-विजापूर महामार्ग धरला. नाव वाचूनच मजा वाटली. घोडे याच वाटेनं आले असतील असं नाही, पण टोकं जवळपास तीच! कराडला जेवून घ्या आणि कुंभार्ली घाट उजेडी उतरा.

चिपळूणहून दाभोळला थेट रस्त्यानं जाता येतं, पण गुहागरच्या बाजूनं धोपाव्याला जा आणि गाडीसकट फेरीबोटीत चढा. वाशिष्ठीची खाडी दहा-पंधरा मिनिटांत पार होते. चढताना घाई केली आणि आमच्या गाडीचा पुढचा बंपर लोखंडी फळीला खर्रकन घासला. ओहोटीला उतार जास्त असतो, तेव्हा बोटीवरचा पोरगा हात दाखवेल तसंच, तिरकं चढवा. शेवटच्या फेरीची वेळ आधीच विचारून ठेवा.

पलीकडं उतरलं की जवळच आदिलशाही काळातली दगडी मशीद. घुमट, चार मिनार. गोलघुमट बघितलेल्याला घडण लगेच ओळखू येते. समोर मच्छीमारांच्या होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी. 1508च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदानं हे शहर जाळलं, हे इथं उभं राहून खरं वाटत नाही. पुढं मुंबईच्या आगबोटी इथं लागायच्या, त्याही गेल्या.

तरी खाडीचं तोंड रिकामं नाही. समोर अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा तो गाजलेला वीजप्रकल्प. 2001 साली बंद पडला, नंतर नव्या कंपनीकडं गेला. आता तिथल्या धक्क्याला द्रवरूप गॅसची जहाजं लागतात. पूर्वी घोडे, आता गॅस. गावाच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न मात्र मला दोन्ही वेळचा वाटला.

चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ चुकवू नका. आत फक्त समयांचा उजेड, मोबाईल खिशातच ठेवायचा. वाकून, भिंतीला हात लावत पुढं सरकावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांनी जरा जपून.

कडक भाकरी नेऊ नका. खारी हवा लागून दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी झाली. शेंगाचटणी टिकली, तळलेल्या बांगड्याबरोबर संपवली.