टेबलावरची फाइल

टेलिग्रामवर फिरणारी, दंगेखोरांनी कुठे जमायचं याची ती यादी आमच्या इमिग्रेशन वकिलीच्या ऑफिसातल्या सीनियरांनी मंगळवारी रात्री मला पाठवली. इंग्लंडभरातले तीसहून जास्त पत्ते, बहुतेक इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलांचे आणि निर्वासितांना सल्ला देणाऱ्या संस्थांचे. वेळ दिलेली: बुधवार, ७ ऑगस्ट २०२४, रात्री आठ. येताना तोंड झाकून या, अशी सूचनाही. आमचं ऑफिस त्यात नव्हतं, पण शेजारच्या शहरातलं एक होतं. शिवाय तोवर एका यादीतून दुसऱ्या याद्या निघू लागल्या होत्या, आणि आमच्या काचेवर ‘इमिग्रेशन’ हा शब्द रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढा मोठा आहे.

सीनियर म्हणाले, उद्या कोणी यायचं नाही, घरून काम करा. मला मात्र जावंच लागणार होतं. एका हद्दपारीच्या केसमध्ये अपिलाची चौदा दिवसांची मुदत गुरुवारी संपत होती. अशिलाचे शाळेचे दाखले, प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल, आईची पत्रं, सगळं कागदावर, माझ्या टेबलावर. ते स्कॅन करून ट्रिब्युनलच्या पोर्टलवर चढवायचं होतं.

त्याआधीचा आठवडा कसा गेला ते इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात एक सतरा वर्षांचा मुलगा सुरा घेऊन घुसला. सहा, सात आणि नऊ वर्षांच्या तीन मुली गेल्या. पोलिसांनी अल्पवयीन आरोपीचं नाव सांगितलं नाही. काही तासांतच इंटरनेटवर एक अरबी वाटणारं नाव फिरलं, तो गेल्या वर्षी होडीतून आलेला आश्रयार्थी आहे म्हणून. ते नाव बनावट होतं. दुसऱ्या दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी खरं नाव जाहीर करायला परवानगी दिली. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडाचे. पण तोवर वणवा पेटला होता. सन्डरलंड, लिव्हरपूल, हल, मिडल्सब्रो. रविवारी रॉदरहॅमजवळ मॅनव्हर्सला आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलच्या दाराशी आग लावली, तेव्हा आत माणसं होती.

बुधवारी नऊला मी ऑफिसात पोचले तर एक सुतार काचेवर प्लायवूड ठोकत होता. साठीचा, जाड मिशांचा. आमच्या रस्त्यावरचं चौथं दुकान म्हणाला सकाळपासून. मी चहा विचारला, तो हो म्हणाला, आणि चहा संपेपर्यंत आमचा वाद सुरू झालेला होता.

“वाईट वाटून घेऊ नका, लव्ह,” तो म्हणाला, “जाळपोळ करणारे हरामखोरच आहेत. पण लोक चिडलेत ते उगाच नाही.”

मी म्हटलं, साउथपोर्टचा मुलगा इथेच जन्मला. व्हिसाचा कुठला नियम त्याला अडवणार होता?

“आईबाप कुठून आले?”

“रवांडातून. तो जन्मायच्या आधी. आईबाप आले तेव्हा सतरा वर्षांनी काय होणार हे एअरपोर्टवर बसलेल्या अधिकाऱ्याने कसं ओळखायचं?”

तो जरा थांबला. मग म्हणाला, “बरं, तो सोडा. मी रॉदरहॅमचा आहे.”

यावर बोलणं सोपं नसतं. २०१४ साली प्रोफेसर अलेक्सिस जे यांचा अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात रॉदरहॅममध्ये सुमारे १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं असा त्यांचा अंदाज, आणि माहीत असलेले बहुतेक गुन्हेगार पाकिस्तानी वंशाचे. तो वंश कागदावर लिहायला काही कर्मचारी कचरत होते, आपल्याला वंशद्वेष्टे म्हणतील म्हणून, हेही त्याच अहवालात आहे. सुताराच्या बायकोची भाची त्या मुलींबरोबर शाळेत होती. “तेव्हा बोललो तर गप्प बसवलं,” तो म्हणाला. “आता आकडे विचारले तरी तेच.”

त्याचं हे म्हणणं मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. आमच्या बाजूच्या, म्हणजे निर्वासितांच्या बाजूने बोलणाऱ्या पुष्कळ लोकांना वाटतं की आकडा उच्चारला की आगीत तेल पडतं. साउथपोर्टने उलटंच दाखवलं. खरी माहिती पुरती दिली नाही, तेवढ्या वेळात खोटी माहिती गावभर हिंडून आली.

मग मी त्याला मला माहीत असलेले आकडे सांगितले. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत साधारण ८७ हजार कैदी, त्यातले सुमारे बारा टक्के परदेशी नागरिक. २०२१च्या जनगणनेत परदेशी पासपोर्टवाले होते दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यानंतर ते वाढलेच आहेत. म्हणजे ढोबळमानाने जेवढ्यास तेवढे. पण या एका आकड्यात सगळं मिसळलेलं आहे. परदेशी कैद्यांमध्ये अल्बेनियन सर्वांत जास्त, इथल्या त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. याउलट रात्रपाळी करणारी केरळची नर्स तुरुंगाच्या आकड्यात शोधून सापडणार नाही. स्वीडनमध्ये सरकारच्याच गुन्हेप्रतिबंधक परिषदेने २०२१ साली सांगितलं की परदेशात जन्मलेल्यांची गुन्ह्यात संशयित म्हणून नोंद होण्याची शक्यता स्वीडिश आईबापांच्या मुलांपेक्षा सुमारे अडीच पट आहे. वय, लिंग, उत्पन्न लक्षात घेतलं की फरक कमी होतो, पण पुसला जात नाही. आणि टेक्सासमध्ये, जिथे पोलीस अटक झालेल्याचा इमिग्रेशन दर्जा तपासतात, तिथे बेकायदा राहणाऱ्यांचंही शिक्षा होण्याचं प्रमाण जन्माने अमेरिकन असलेल्यांपेक्षा कमी निघतं. कोण येतो, कुठल्या वयाचा, कशासाठी, आल्यावर त्याला काम करू देता की वर्षभर हॉटेलात बसवता, यावर सगळं फिरतं. ‘इमिग्रंट गुन्हेगार असतात का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

“हे टीव्हीवर का सांगत नाहीत?” तो म्हणाला. मला काय माहीत! मी स्कॅनरकडे गेले.

आता त्या फाइलविषयी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अशील पश्चिम आफ्रिकेतून सहा वर्षांचा असताना आईबरोबर आला. दोघांना इथे कायम राहायची परवानगी मिळाली. शाळा इथे, मित्र इथे, गांजा विकणाऱ्या टोळीची ओळखही इथलीच. विशीत त्याने एका माणसाला बाटलीने मारून चेहरा फाडला. त्या माणसाचं निवेदनही फाइलमध्ये आहे, आणि ते मी दर वेळी आधी वाचते. शिक्षा तीन वर्षं. २००७च्या कायद्यानुसार बारा महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाची हद्दपारी आपोआप सुरू होते. चार वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर एक अपवाद मागता येतो, त्यासाठी तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात: आयुष्याचा बहुतेक काळ कायदेशीरपणे इथे गेला, इथल्या समाजात मिसळला, परत गेल्यास फार मोठ्या अडचणी. चार किंवा जास्त असेल तर दार जवळजवळ बंद.

टेलिग्रामवरच्या त्या यादीच्या खाली आम्हाला गुन्हेगारांचे पाठीराखे म्हटलं होतं. आता माझ्या टेबलावर खराखुरा गुन्हेगारच होता, त्यामुळे हसूही आलं. माझं काम बहुतांशी नवराबायकोचे व्हिसा, नोकरीचे व्हिसा आणि होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, पाठवायची पत्रं एवढंच. पण हिंसक गुन्हा केलेल्याला परत पाठवावं, हे मला तत्त्वतः मान्य आहे. अशा केसेस मी घेते त्या कायद्याने सांगितलेला प्रश्न न्यायाधीशाने नीट विचारावा म्हणून.

या केसमध्ये मला टोचत होतं ते वेगळंच. मुलगा लहान असताना आईने त्याच्या नागरिकत्वाचा अर्ज केला असता तर तो ब्रिटिश झाला असता. तिने केला नाही. सफाईची दोन कामं करणारी बाई, फी दरवर्षी वाढत जाऊन २०१८ला हजार पाउंडांच्या वर गेली. तिने फी भरली असती तर हाच मुलगा, हीच बाटली, हीच शिक्षा, पण हद्दपारी नाही. आणि सुताराला मी सांगितलेल्या बारा टक्क्यांतही तो धरला गेला नसता. साउथपोर्टचा मुलगा त्या टक्क्यांत नाहीच. ज्याला इथे आणलं गेलं आणि जो इथे जन्मला, दोघं एकाच देशात वाढलेले. आकड्यात मात्र एक परदेशी आणि एक ब्रिटिश. आकडे मागणाऱ्यांनी आणि लपवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं असं मला वाटतं.

स्कॅनिंग चाललेलं असतानाच फोन वाजत राहिले. अमरावतीकडची एक मुलगी, केअर होममध्ये काम करणारी. “ताई, आज रात्रपाळी आहे. टॅक्सीवाले नाही म्हणतायत. नाही गेले तर मालक सीओएस रद्द करतील का हो?” सीओएस म्हणजे मालकाने दिलेलं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र; तिचा व्हिसा त्यावर, म्हणजे त्या एका मालकाशी बांधलेला. नोकरी गेली तर होम ऑफिसच्या पत्रानंतर बहुधा साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर परत. मी तिला सांगितलं, मालकाला आत्ताच लेखी कळव, मेसेज जपून ठेव, एकटी बसस्टॉपवर उभी राहू नको. शेवटी होमच्या मॅनेजर बाई स्वतः गाडी घेऊन तिला न्यायला आल्या. त्याही इंग्रजच.

पुण्याहून धाकट्या भावाचा व्हॉइस मेसेज. “ताई, तू काळजी करू नको. त्यांचा राग त्या होडीवाल्यांवर आहे. तू टॅक्स भरतेस.” हलमध्ये शनिवारी जमावाने एका मोटारीतून तीन रोमेनियन माणसांना बाहेर ओढायचा प्रयत्न केला होता. गोरी, ख्रिस्ती, युरोपातली माणसं. मिडल्सब्रोमध्ये पोरं रस्ता अडवून ड्रायव्हरला विचारत होती, तू गोरा आहेस का, इंग्रज आहेस का. टॅक्सचा कागद कुणी मागत नव्हतं. हे भावाला लिहिलं, आणि शेवटी न राहवून विचारलंही की २००८ साली कल्याणला रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना मारलं तेव्हा घरी आपण काय बोलत होतो. त्यावर फक्त अंगठा आला.

दुपारी दीडला अपील दाखल झालं. पोचपावतीचा ईमेल आला. सुतार तोवर पुढच्या दुकानात गेलेला. मी मागच्या दाराने निघाले.

रात्री आठ वाजता वॉल्थमस्टो, ब्रायटन, ब्रिस्टल, लिव्हरपूल इथे हजारो लोक रस्त्यावर आले, पण दंगल करणारे नव्हे. त्यांना अडवायला आलेले. ब्रायटनमध्ये तर मोजक्याच इमिग्रेशनविरोधकांना पोलिसांनाच संरक्षण द्यावं लागलं. आमच्या गावात कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरांनी लिहिलं की ब्रिटनने उत्तर दिलं. मलाही ते फोटो पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सुतार त्या रात्री दोन्ही गर्दींत नव्हता, आणि त्याच्या प्रश्नाला कुठल्याच फलकावर उत्तर नव्हतं. जानेवारी २०२५मध्ये साउथपोर्टच्या आरोपीला जन्मठेप झाली, किमान ५२ वर्षं. त्याच सुमारास कळलं की दहशतवाद रोखण्यासाठी असलेल्या ‘प्रिव्हेंट’ यंत्रणेकडे त्याचं नाव तीन वेळा गेलं होतं आणि तिन्ही वेळा प्रकरण बंद झालं. सीमेवरच्या नव्हे, देशातल्या यंत्रणेचं हे अपयश होतं. ऑगस्ट २०२५मध्ये पोलिसांसाठी नवी मार्गदर्शक सूचना आली: गंभीर गुन्ह्यात आरोप ठेवल्यावर आरोपीचं राष्ट्रीयत्व आणि वंश जाहीर करण्याचा विचार करा. माझ्या ओळखीच्या बऱ्याच वकिलांना ती आवडली नाही. मला योग्य वाटली, फक्त ती प्रत्येक आरोपीला सारखी लागू व्हावी, गोऱ्यालाही.

आमचं अपील पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. न्यायाधीशांनी मान्य केलं की तो इथेच वाढला; पण परत गेल्यावर फार मोठ्या अडचणी येतील हे त्यांना पटलं नाही, कारण तो तरुण आहे, धडधाकट आहे, इंग्रजी तिथेही चालतं. निकाल मी पुन्हापुन्हा वाचला. मी असते तर वेगळा दिला असता, पण वर जाण्यासारखी कायद्याची चूक त्यात सापडली नाही, आणि तसं मी आईला स्पष्ट सांगितलं. ती वाद घालत बसली नाही. काही आठवड्यांनी तिने पुन्हा अपॉइंटमेंट घेतली. सोबत धाकटी मुलगी, इथेच जन्मलेली, दहा वर्षं पूर्ण झालेली. नागरिकत्वाच्या नोंदणीचा फॉर्म भरायचा होता. फी तेव्हा बाराशे पाउंडांच्या वर होती. तिने बँकेचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “आजच भरा.”